पंचफुलाच्या घरचा धूर

पंचफुलाच्या स्वयंपाकघरात धूर होता.

माझ्या वहीत माघ वद्य पंचमीच्या पानावर एवढं एकच वाक्य आहे. एरवी तिथी, उपास, काय रांधलं, कोण येऊन गेलं, असं मी पानभर लिहिते. त्या दिवशी हातच चालला नाही. दोन वर्षं ते पान तसंच राहिलं. अर्धं सोडलेलं पान मला अर्ध्या सोडलेल्या पोथीसारखं टोचतं, म्हणून आज ते पुरं करायला बसले.

खेड्यातल्या घरात धूर असला तर त्यात लिहिण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण ही पंचफुला बिनधुराची चूल घालणारी. उमरेड रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या अकरा गावांत जिनं घराघरातला धूर कवेलूंच्या छपरावर नेऊन सोडला, जिला लोक ‘चुलीची मास्तरीण’ म्हणत, ती पंचफुला. तिच्याच घरात भर दुपारी मला समोरची भिंत दिसत नव्हती.

पळसखाप्याशी, पंचफुलाच्या गावाशी, आमचा संबंध आला तो सत्त्याहत्तरच्या डिसेंबरात. आमचे हे नागपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतात आणि सेवा योजनेचं काम पाहतात. त्या वर्षी त्यांनी चाळीस मुलं घेऊन पळसखाप्याला दहा दिवसांचं शिबिर लावलं. प्रयोगशाळेत तयार झालेलं तंत्र गावापर्यंत न्यायचं, हा त्यांचा ध्यास. चूल मातीचीच, पण दोन तोंडांची, आणि मागून खापराच्या नळांचं धुराडं छपराबाहेर काढलेलं. लाकूड निम्मं लागेल, बायांचे डोळे वाचतील. नकाशा होता, मापं होती, मुलांजवळ फूटपट्ट्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिली चूल पेटवली आणि ती वरपासून खालपर्यंत तडकली. तिसऱ्या दिवशी आणखी दोन तडकल्या. माती आणून टाकायला गावातली एक बाई लावली होती. ती टोपलं खाली ठेवून बराच वेळ बघत राहिली आणि मग यांना म्हणाली, “सर, ही चूल कागदावर चांगली होती. कायले खाली आणली?”

मुलं हसली. हे हसले नाहीत. “काय चुकलं, सांगा.”

“काळी माती वाळली का तडकते. तिले कुटार पाहिजे, घोड्याची लीद पाहिजे, अन् तीन दिवस पायानं तुडवा लागते. तुमचे पोरं बूटच काढत नाही.”

मुलांनी बूट काढले. पंचफुलानं त्यांच्याकडून तीन दिवस भुसा आणि लीद घातलेला चिखल तुडवून घेतला आणि वीत, चार बोटं, मूठ अशा मापांनी चूल उभी केली. ती तडकली नाही. फूटपट्टी लावून बघितली तर नकाशाबरहुकूम उतरलेली. यांनी तिला एकच गोष्ट बजावून शिकवली: धुराड्याला कुठंही भोक राहता कामा नये, सुईच्या टोकाएवढंही नाही, नाहीतर धूर ओढला जात नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. ती म्हणाली, “समजलं.” शिबिर उठलं तेव्हा गावात एकतीस चुली झाल्या होत्या, त्यातल्या सव्वीस तिच्या हातच्या. घरी आल्यावर हे आठवडाभर तिच्याबद्दलच बोलत होते.

मग तीच कॉलेजच्या कामाची शिकवणारी झाली. आज या गावी, उद्या त्या गावी. नागपुरात महिला मंडळांत चूल दाखवायची असली की उमरेडच्या एस.टी.नं यायची आणि सक्करदऱ्याला आमच्याकडे उतरायची. आमच्याकडे स्टोव्ह होता, पण देवाचा नैवेद्य मी चुलीवरच करते. ती पहिल्यांदा आली तेव्हा माझी चूल बघून म्हणाली, “बाई, सर दुनियेले चुली वाटून राहिले अन् घरी तुमचे डोळे लाल.” दोन दिवसांत तिनं मला नवी चूल घालून दिली. शेवटचा हात फिरवला आणि म्हणाली, “पूजा करून घ्या. आमच्यात पूजा सोडली, पण तुमची चूल तुमच्यावर रुसाले नको.”

ती गेल्यावर मी चुलीवर गोमूत्र शिंपडलं. हे लिहायला जड जातं, पण वहीत खोटं लिहायचं नाही असा माझा नेम आहे. मी शिंपडत होते आणि ती दारात उभी होती. “थापी राहिली,” एवढंच म्हणाली, कोपऱ्यातली थापी उचलली आणि गेली. पुढच्या खेपेला आली तेव्हा जसं काही घडलंच नव्हतं.

त्याच वर्षी पोळा झाल्यावर ती पदराच्या टोकाला मूठभर ज्वारी बांधून घेऊन आली. “तुमच्या घटाले लावा. बाजारातलं बी फसवते.” मी ती नवरात्रात परडीतल्या मातीत पेरली. पाचव्या माळेला धान वीतभर वर आलं, नवव्या माळेला देवीचा मुखवटा झाकला गेला. शेजारणी बघायला आल्या. त्यांच्या घटात कुठं चार काड्या, कुठं नुसती बुरशी. दर वर्षी पोळा झाला की पंचफुला मूठभर ज्वारी आणायची आणि दर वर्षी माझाच घट उंच. मी मनातून समजत होते की माझे उपास कडक आहेत, सोवळं कडक आहे, म्हणून आई प्रसन्न आहे. दोघी-तिघींना तसं बोलूनही दाखवलं.

मागच्या अंगणात बसून तिनं आपलं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं होतं. लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची. छप्पन साली सासूचं बोट धरून पळसखाप्याहून पायी नागपूरला आली आणि धम्म घेऊन पायीच परत गेली. येताना दिवसाउजेडी सासू भीमाबाई रस्ता दाखवत होती आणि जाताना अंधारात हीच सासूला दाखवत होती, कारण भीमाबाईचे डोळे तेव्हाच विझत चालले होते. “पन्नास वर्षं चूल फुंकली तिनं. शेवटी भाकर हातानं चाचपून उलटवे. बोटं भाजलेले राहत.” नवरा नत्थू दुसऱ्यांचे बैल हाकायचा; घरची अडीच एकर काळी जमीन होती. एक मुलगी, ती लग्न होऊन गेलेली. शाळेचं तोंड पंचफुलानं पाहिलं नव्हतं, म्हणून ‘मास्तरीण’ म्हटलं की ती तोंडावर पदर घेऊन हसायची. पण कुणी म्हणायचं विसरलं तर तिच्या लक्षात यायचं.

ब्याऐंशी सालच्या सुरुवातीला वरून पत्र आलं. गावांसाठीच्या तंत्राचं कायमचं केंद्र निघणार होतं, आणि चूल शिकवणाऱ्या बाईची तिथं रीतसर नेमणूक होणार होती. समिती येऊन पळसखापा बघणार, मग नाव यादीत जाणार. यांनी एकच नाव पाठवलं होतं. सही लागेल म्हणून पंचफुला माझ्याकडे दोन दिवस राहून सही शिकली. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर वरपासून खालपर्यंत तिचंच नाव आहे. पंचफुला नत्थू गजघाटे, पंचफुला नत्थू गजघाटे. ‘घ’चं पोट कधी पुढे, कधी मागे. “बाई,” ती म्हणाली होती, “माह्या घराण्यात कागदावर चढणारी मीच पहिली.”

समिती गुरुवारी येणार होती. आदल्या शनिवारी मी माहेरच्या नात्यातल्या बारशाला उमरेडला गेले होते. परत येताना पळसखाप्याच्या फाट्यावर उतरून तिला निरोप द्यावा असं ठरलं. तिच्या घरी मी कधी गेले नव्हते. यांची कॉलेजची मुलं पाहणीला जायची तेव्हा ती त्यांना सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीतच बसवायची. तिथं एक सारवलेली नवी चूल होती, तिच्यावर चहा करून द्यायची. आत चला म्हटलं की म्हणायची, “आत काय पाहाचं, गरिबाचं घर.” मुलं वहीत खूण करून पुढं जायची.

सपरीत कोणी नव्हतं. नवी चूल थंड होती, तिच्यावर मांजर झोपलेलं. आतून खोकल्याचा आवाज आला. मी दार लोटलं.

दाट, पिवळट धूर तोंडावर आला. मी पदर नाकाला लावून खाली वाकले तेव्हा पंचफुला दिसली. ती तीन दगडांच्या जुन्या चुलीपुढं बसून ओलसर काड्या घालत होती. मुद्दाम ओलसर. चुलीवर भांडं नव्हतं.

“पंचफुला, हे काय करतेस?”

ती दचकली. “बाई, तुम्ही काहून आल्या?” मग उठायला गेली आणि खोकल्यानं पुन्हा बसली.

मी तिला हाताला धरून बाहेर काढायला गेले आणि डोक्याला काहीतरी खरखरीत लागलं. वर पाहिलं. कवेलूंखालच्या लाकडी बल्ल्यांवरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ज्वारीच्या कणसांचे झुबके टांगलेले होते. एक, दोन नाही. हात वर करावा तिथं कणीस. धुरानं काळपट झालेले, आणि प्रत्येक झुबक्याला एकेक चिंधी: लाल, निळी, फुलाफुलांची, एकाला लंगोटाची नाडी.

“एवढी ज्वारी कोणाची?”

“गावची,” ती म्हणाली. “अठ्ठावीस घरचं बियाणं आहे.”

सपरीत येऊन तिनं तांब्याभर पाणी डोळ्यांवर मारलं आणि मग सांगितलं. सांगताना ती वरमली होती. मी तिला काहीतरी चोरून करताना पकडलं असावं तशी.

खेड्यात पेरणीचं बी चुलीवर टांगतात. डिसेंबरात कापणी झाली की उत्तम कणसं निवडायची आणि मृगापर्यंत धुरात ठेवायची. धुरानं त्याला कीड लागत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि इतकं माहीत होतं की कोणी ते यांना सांगितलंच नाही. विचारलंही कोणी नाही. नव्या चुली आल्या, धूर छपराबाहेर गेला, कणसं जागच्या जागी टांगलेली राहिली. अठ्ठ्याहत्तरच्या मृगाला खाली काढली तर हातात भुसा आला. सोंड्यांनी दाणे पोखरून टाकले होते. गावभर पेरणी फसली, बी उसनं आणायची पाळी आली.

“माह्याच घरचं चांगलं निघालं,” पंचफुला म्हणाली. “नत्थूच्या आंघोळीच्या पाण्यासाठी मी ही जुनी चूल मोडली नव्हती, म्हणून. तवा माह्या डोक्यात उजेड पडला. तिकडं चंपतराव सब्बल घेऊन वच्छलाची चूल फोडाले उठला. म्हणे, या कॉलेजवाल्यायनं आमचं बी खाल्लं. एकानं फोडली असती तं साऱ्यायनं फोडली असती. मी आडवी झाली. म्हटलं, चूल फोडू नका, तुमचं बी माह्या घरी आणून टांगा. मी धूर देते.”

“चार वर्षं?”

“चार हंगाम झाले.”

चंपतराव म्हणजे गावातला मोठा कास्तकार, वच्छला त्याची बायको. मला एकदम आठवलं की त्यांच्याकडे शिबिराच्या वेळी पंचफुलाला पाणी वरून ओतून दिलं होतं, असं हे म्हणाले होते. मी विचारलं, “त्यांचंही बी इथंच?”

“तो लाल चिंधीवाला मोठा झुबका त्यायचाच.” ती हसली. “पाणी नाही चालत, बाई. धूर चालते.”

माझ्या डोळ्यांपुढं गोमूत्राची वाटी आली.

तेवढ्यात नत्थू बैल बांधून आला. मला बघून त्यानं टोपी काढली आणि बायकोला म्हणाला, “सांगतलं का वं बाईले? मी चार वर्षांपासून बोंबलून राहिलो. बायको दुनियेचा धूर काढते अन् नवरा घरात खोकलते.”

“तुले कोणं सांगतलं घरात बसाले? बैलापाशी झोपतच होता ना तू.”

“बैल बरे. धूर करत नाही.”

मी परत आत गेले, का ते सांगता येत नाही. धूर आता थोडा विरळ झाला होता. चुलीच्या बरोबर वर, सगळ्यांत काळ्या बल्लीला, एक लहानसा झुबका होता, सात-आठ कणसांचा. त्याची चिंधी धुरकटली होती, तरी काठ ओळखू आला. मोरपंखी, त्यावर रुईफुलं. माझी अंजिरी साडी, मंगळागौरीची, फाटली तेव्हा मी तिला दिलेली.

माझ्या घटाची ज्वारी इथून येत होती. चार नवरात्रं मी देवीपुढं हात जोडून जे माझं पुण्य म्हणून दाखवत होते, ते इथं टांगलेलं होतं. या बाईच्या छातीत गेलेल्या धुरात माझाही वाटा होता, आणि तिनं तो वेगळी चिंधी बांधून राखला होता. ती तर देव मानत नाही. मी तिला विचारलं, हे कशाला केलंस. ती म्हणाली, “तुम्ही मानता ना.”

निघताना तिनं माझा हात धरला. “बाई, सरले गुरुवारपर्यंत सांगू नका. एकदा माझं नाव कागदावर चढू द्या. अन् सांगतलं तं सर म्हणतीन, चुली फसल्या. बाया पुन्हा फुंकत बसतीन. माझी सासू मी पाह्यली आहे. माह्या एकटीनं निभते.”

मी बरं म्हटलं. एस.टी.त खिडकीशी बसले आणि नामस्मरण करायला गेले तर ओठ हलेनात. घरी आल्यावर यांनी चहा मागितला, तोही करायला उठवेना. मी बरं म्हटलं होतं ते मोडलं. यांना सगळं सांगितलं.

हे ऐकता ऐकता उठले. मग कपाटातून चार वर्षांचे अहवाल काढले. प्रत्येकात तिच्या घरापुढं बरोबरची खूण होती. “आम्ही सपरीतून परत येत होतो,” ते म्हणाले. “चार वर्षं आम्ही फक्त सपरी पाहिली.”

रविवारी आम्ही दोघं गेलो. हे आत गेले, खोकत बाहेर आले आणि सपरीत खाली बसले. पंचफुलानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी नजर खाली घातली.

“पंचफुलाबाई,” हे म्हणाले, “तुमच्यासारख्या बाईला उपाय सुचला नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.”

“सुचला होता ना.”

“मग?”

“धुराड्याले वर, कवेलूखाली, बितभर भोक. त्याले खापराचं झाकण. आठ दिवसातून एकदा भोकाच्या वर नळात आडवी खापरी सरकवून नळ बंद केला, झाकण काढलं का धूर वरच्या वर बियाण्यात फिरते. खाली तोंडावर येतच नाही. तवा बाईनं भाकरी आटपून बाहेर बसाचं. पहिल्याच वर्षी सुचलं होतं.”

“मग केलं का नाही?”

ती त्यांच्याकडे बघत राहिली, जसं काही तेच हे विचारतात याचं तिला नवल वाटलं. “तुम्हीच तं सांगतलं होतं, सर. सुईएवढंही भोक नाही पाहिजे. अकरा गावच्या बायांले मी तेच शिकवलं. मंग मीच कशी पाडू?”

यांचा चेहरा मी लग्न झाल्यापासून पाहते आहे. तसा तो कधी पाहिला नव्हता.

सोमवारी मी तिला रामदासपेठेत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, परत छातीला लावली आणि विचारलं, “बिडी किती वर्षांपासून ओढता?”

पंचफुला हसायला लागली, हसता हसता खोकली. “डॉक्टरसाहेब, अठ्ठावीस घरची बिडी आहे.”

त्यांना वाटलं, बाई थट्टा करते. मला बाजूला घेऊन म्हणाले, छाती पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही. बिडी मात्र आजच बंद करायला सांगा. मी त्यांना काय सांगणार होते? मृग चार महिन्यांवर होता आणि तोवर ती चूल विझवायला तयार नव्हती.

गुरुवारी समिती आली, दोन जीपगाड्या. यांनी मला सकाळीच सांगितलं होतं, “मी खरं दाखवणार आहे. सपरी दाखवणार नाही.” मी देवाला दिवा लावून बरोबर गेले. साहेबांनी गावातल्या चुली पाहिल्या, वच्छलाच्या घरी तर तिच्या भाकरीचं कौतुक केलं. मग हे त्यांना पंचफुलाच्या आतल्या खोलीत घेऊन गेले. यांनी सगळं समजावलं: बियाणं, सोंडे, तिनं एकटीनं उचललेलं ओझं, आणि तिनं काढलेला झाकणाचा उपाय. म्हणाले, आम्ही गावाला शिकवलं त्याहून मोठी गोष्ट ही बाई आम्हाला शिकवते आहे.

मुख्य साहेब रुमाल नाकाला लावून उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या हातातल्या छापील कागदावर बोट फिरवलं आणि विचारलं, “म्हणजे प्रशिक्षिकेच्या स्वतःच्या घरी जुनी चूल चालू आहे?”

“हो, पण त्याचं कारण—”

“चालू आहे ना? धुराड्यात बदल मंजूर नकाशात आहे?”

“नाही.”

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पंचफुला दाराशी उभी होती. सहीसाठी तिनं केस विंचरून चापून बसवले होते. सही कोणी मागितली नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पळसखाप्याचं काम यशस्वी ठरलं होतं. एकतीसपैकी तीस घरं धूरमुक्त. एकतिसावं घर तिचं. बियाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, त्या कागदावर बियाण्याचा रकानाच नव्हता. आणि स्वतःच्या घरी जुनी चूल वापरणारी बाई शिकवणारी म्हणून नेमता येत नाही, सबब दुसरं नाव कळवावं. यांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. मला पहिल्यांदा ते खरंच वाटलं नाही. यांनी उलट तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

तिला सांगायला मीच गेले. मी तिचं ऐकून गप्प बसले असते तर नाव चढलं असतं. तसं मी तिला म्हटलं. ती सपरीत बसून होती, मांडीवर सूप. निवडता निवडता थांबली.

“म्हणजे मी आता शिकवणारी नाही?”

“नाही.”

“कागदावर पक्कं लिहिलं आहे?”

“हो.”

तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिच्या डोळ्यांत आता नेहमीच असायचं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली आणि कोपऱ्यातली थापी घेतली.

“कुठं निघालीस?”

“वच्छलाच्या घरी. भोक पाडाले.” पदर खोचत ती म्हणाली. “शिकवणारी होती तवर सरची जबान होती माह्यावर. आता मी कोणाची कोण आहे? आता पाडलं तं कोणाचं काय जाते?”

मी तिच्या मागोमाग गेले. चंपतराव ओट्यावर बसलेले. ती त्यांना म्हणाली, “चार वर्षांमागची सब्बल आहे का? आणा. आज मी फोडते.” चंपतराव मुकाट्यानं आत गेले आणि सब्बल घेऊन आले. तिनं वच्छलाच्या धुराड्याला कवेलूंखाली नेमकं बितभर भोक पाडलं, कडा ओल्या मातीनं लिंपल्या, फुटक्या मडक्याची खापरी घासून त्यावर झाकण बसवलं. मग नळात वरून आडवी खापरी सरकवून चूल पेटवायला सांगितली. धूर वरच्या वर बल्ल्यांमधून पसरला. खाली वच्छला भाकरी थापत होती तिथं काहीच नाही. वच्छला वर बघून म्हणाली, “येवढंसंच होतं होय वं?”

“येवढंसंच.”

वच्छला तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो तिच्या हातात दिला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पंचफुलानं तांब्या घेतला, तोंड लावून प्याली आणि काहीच झालं नाही असा परत दिला.

महिन्याभरात अठ्ठावीस घरी झाकणं झाली. हे दर रविवारी जात होते, मापं घेत होते. तिच्या विती, बोटं नकाशावर उतरवत होते. तो नकाशा त्यांनी पुन्हा वर पाठवला आहे, खाली तिचं नाव लिहून. अजून काही कळलेलं नाही. बाया एकेक करून आपापली चिंधी ओळखून झुबके घेऊन गेल्या. पंचफुलाला आता चिंध्यांचे रंग नीट दिसत नव्हते, ती गाठ चाचपून सांगायची, हा गोपिकेचा, हा वच्छलाचा. छप्पर रिकामं झालं. बल्ल्या डांबर फासल्यासारख्या काळ्या.

शेवटी मोरपंखी काठाचा झुबका राहिला.

“हा राहू द्या माह्यापाशी,” ती म्हणाली. “तुमच्या घरी धूर कुठं आहे?”

“मग माझ्या धुराड्यालाही भोक पाड.”

“देवाची चूल आहे ती, बाई. काळं होईन सारं.”

“होऊ दे.”

ती आली, थापी घेऊन. काम झाल्यावर तिनं हात धुतले, मी तिला देवघराच्या उंबऱ्याशी पाट दिला आणि आम्ही दोघी जेवलो. नंतर मी काही शिंपडलं नाही. ती एस.टी.त बसून गेली. पायऱ्या चढताना दोनदा थांबली. आता ती फार लांब जात नाही. शिकायला बायाच तिच्या सपरीत येतात.

आज पौर्णिमा. स्वयंपाक आटोपला, खापरी सरकवली, झाकण काढलं. धूर वर गेला, थोडा खालीही आला. माझा हात तिच्याइतका सराईत नाही. कणसं डोक्यावर आहेत. मी बाहेर न जाता तिथंच वही घेऊन बसले. पहिल्या पानातच डोळे चुरचुरायला लागले, छातीत काहीतरी अडकलं.

हे कॉलेजातून आले, दारातच थबकले आणि म्हणाले, “घरात धूर कसला?”

म्हटलं, “बियाण्याचा.”